विश्लेषण : मार खाल्लेल्या कुत्र्याला घर मिळते, पण त्याआधी काय करावे लागते?

जखमी, उपाशी कुत्र्याला सोडवून आणणे हे तासाभराचे काम आहे. त्याला पुन्हा माणसाजवळ बसता येण्यासाठी मात्र आठवडे, कधी महिने लागतात. वेळापूरसारख्या गावात प्राण्यांचे निवारा केंद्र हाताशी नसते. तिथे हे काम कसे करता येईल, कायदा काय सांगतो आणि दत्तक देण्याआधी काय पाहावे, याचा आढावा.

जून २०२४ च्या अखेरीस बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावचे ‘महाराज’ नावाचे कुत्रे पायी वारीत आपल्या धन्यामागे पंढरपूरला गेले आणि गर्दीत हरवले. धन्याने शोधाशोध केली आणि शेवटी एकटाच गावी परतला. काही दिवसांनी सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून ‘महाराज’ दारात हजर झाले. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ घातली. ही बातमी तेव्हा देशभर गाजली.

‘महाराज’ला घर होते आणि माणूस म्हणजे आसरा हे त्याला ठाऊक होते. ज्या कुत्र्याला माणूस म्हणजे काठी एवढेच ठाऊक आहे, त्याचे काय? माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीचे मुक्कामाचे गाव. आषाढात दिंड्यांबरोबर वाटेतली कुत्रीही चालू लागतात आणि त्यातली काही मागे राहतात. भोवती उसाचा पट्टा आहे. तोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर कुत्री येतात, हंगाम संपल्यावर काही पिल्ले फडाच्या कडेला उरतात. पालखी महामार्ग रुंद झाल्यापासून वाहनांचा वेगही वाढला आहे. त्यामुळे लंगडणारे, गळ्यात तार रुतलेले किंवा माणूस दिसताच पोटाशी शेपूट घालणारे कुत्रे इथल्या कुणालाही कधी ना कधी दिसतेच. दया सगळ्यांना येते. पुढे काय करायचे हे माहीत नसल्याने बऱ्याचदा दोन दिवस भाकरी घालून गोष्ट तिथेच थांबते, किंवा घाईने कुणाच्या तरी वस्तीवर कुत्रे ‘देऊन टाकले’ जाते आणि महिनाभरात ते पुन्हा रस्त्यावर दिसते.

छळ म्हणजे केवळ मारहाण का?

नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ मध्ये मारणे, लाथाडणे, यातना देणे हे तर आहेच. पण अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने फिरायला न नेणे आणि जनावर वाऱ्यावर सोडून देणे हेही गुन्हेच आहेत. म्हणजे गोठ्याच्या खांबाला रात्रंदिवस दीड हात साखळीने बांधलेले ‘राखणीचे’ कुत्रे हेसुद्धा कायद्याच्या नजरेत छळाचे प्रकरण ठरू शकते. खेड्यात दिसणारा छळ बहुतांशी असा असतो. त्यात कुणी रोज काठी उगारत नाही. फक्त वर्षानुवर्षे कुणाचे तिकडे लक्ष नसते. पिल्लाच्या गळ्यात घातलेली दोरी ते मोठे झाले तरी सैल केली जात नाही आणि हळूहळू मांसात रुतते. रानडुकरांसाठी उसाच्या बांधाला लावलेल्या क्लच वायरच्या फाशात कुत्री अडकतात. उकळते पाणी फेकणे, शेपटीला फटाके बांधणे हे प्रकार वेगळेच.

अशा कुत्र्याला पकडताना पहिल्या तासात काय करावे?

आधी दुरून पाहावे. तोंडातून सतत लाळ, लटकलेला खालचा जबडा, बदललेला आवाज, तोल जाणे, समोर येईल त्याला विनाकारण चावणे, अशी लक्षणे असतील तर रेबीजचा संशय धरावा. अशा कुत्र्याला हात लावू नये, मुलांना दूर करावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला व ग्रामपंचायतीला कळवावे.

तशी लक्षणे नसतील तरी पाठलाग करू नये. घाबरलेले कुत्रे रस्त्याकडे पळते आणि वाहनाखाली येते. एका माणसाने अंग थोडे आडवे करून, नजरेला नजर न देता, खाली बसावे. भाकरीचे किंवा शिजवलेल्या अंड्याचे तुकडे लांबून टाकावेत आणि अंतर हळूहळू कमी करावे. दोरीचा सैल फास गळ्यात गेला की वरून जाड चादर किंवा पोते टाकले तर कुत्रे बऱ्यापैकी शांत होते. ओळखीचे, गरीब कुत्रेसुद्धा वेदनेत चावू शकते. म्हणून सुती ओढणीची पट्टी तोंडावर गुंडाळून कानामागे गाठ मारावी. मात्र श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा उलट्या होत असतील तर तोंड बांधू नये. पाय किंवा कंबर मोडल्याची शंका असेल तर काखेत उचलू नये. फळीवर सरकवून न्यावे.

हलवण्याआधी मोबाइलवर फोटो व व्हिडिओ घ्यावा. जखमा, साखळी, जागा आणि वेळ यांची नोंद पुढे तक्रारीसाठी लागते. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे कुत्रे कुणाचे आहे याची चौकशी. गळ्यात पट्टा असेल, कान किंवा शेपूट कापलेली असेल, धनगरांच्या वाड्यातले असेल, दिंडीबरोबर आलेले असेल, तर ते छळलेले नसून हरवलेलेही असू शकते. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकला, पेट्रोल पंपावर आणि चहाच्या टपरीवर विचारले, तर पुष्कळदा दिवसभरात पत्ता लागतो.

चावले किंवा ओरखडले तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. दंडात घ्यायच्या लसीचे डोस साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. कुत्रे पाळीव होते की भटके, यावर हा निर्णय सोडू नये. चावणारे कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवतात, पण त्यासाठी लस थांबवत नाहीत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. जे नियमितपणे जखमी कुत्री हाताळतात त्यांनी आधीच प्रतिबंधक डोस घेऊन ठेवावेत.

तक्रार कोठे आणि कोणत्या कलमाखाली?

इथे दोन कायदे लागू होतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९६० च्या कायद्याखाली मारहाणीसाठी पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. ही रक्कम सहा दशकांत बदललेली नाही. शिवाय यातली बहुतेक कलमे अदखलपात्र आहेत आणि गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो.

जनावराला ठार मारणे, विष घालणे, अपंग किंवा निकामी करणे या प्रकारांना मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागू होते. १ जुलै २०२४ पासून त्याने भारतीय दंड संहितेच्या कलम ४२८ व ४२९ ची जागा घेतली. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि गुन्हा दखलपात्र आहे. म्हणून पाय तोडला, डोळा फोडला, विष घातले अशा घटनेत वेळापूर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देताना या कलमाचा उल्लेख जरूर करावा. तक्रारीसोबत फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला जोडावा. जखम किती जुनी, कशाने झाली असावी, कायमचे अपंगत्व आहे का, हे दाखल्यात लिहून घ्यावे. तातडीच्या वेळी ११२ क्रमांक आहे. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असणे अपेक्षित आहे. तक्रारीची प्रत तिला आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला द्यावी.

मालक शेजारचाच असतो तेव्हा प्रश्न नाजूक होतो. कुत्रे परस्पर सोडवून आणले तर चोरीचा आरोप होऊ शकतो आणि भांडण जन्मभराचे होते. अशा वेळी आधी पोलीस पाटील किंवा सरपंचांना मध्ये घालून ‘सांभाळणे होत नसेल तर आमच्या ताब्यात द्या’ असे म्हणावे आणि साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी ताबा लिहून घ्यावा. प्रकरण न्यायालयात गेले आणि मालक दोषी ठरला, तर त्याचा जनावरावरील हक्क काढून घेण्याचा अधिकार कलम २९ ने न्यायालयाला दिला आहे.

दवाखान्यात आधी काय, नंतर काय?

उपाशी कुत्र्याला भरपेट जेवण घालणे ही पहिली चूक. बरेच दिवस पोटात काही नसलेल्या शरीरात एकदम अन्न गेले तर रक्तातील फॉस्फेटसारख्या क्षारांचे प्रमाण झपाट्याने घसरते आणि त्याने जीवही जाऊ शकतो. पहिले काही दिवस मऊ भात व शिजवलेले चिकन किंवा अंडे, दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे द्यावे. पाणी सतत समोर असावे. कांदा, द्राक्षे, चॉकलेट ही कुत्र्यांसाठी विषारी आहेत.

दुसरी चूक घरगुती औषधांची. खरुज झाली म्हणून जळालेले ऑइल चोपडणे, जखमेत रॉकेल ओतणे हे प्रकार अजून चालतात. कुत्रे अंग चाटते आणि ते विष पोटात जाते. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या गोळ्याही त्याला घातक ठरतात. गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचू नये. ते गाई-म्हशींच्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले असते; कुत्र्यासाठी त्याचा डोस थेंबाथेंबाचा आणि पशुवैद्यकानेच ठरवायचा. जखमेत आळ्या पडल्या असतील तर भोवतीचे केस कापून, आळ्या काढून, रोज पट्टी बदलावी लागते. दिसायला ओंगळ असलेली अशी जखम पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत भरून येते.

पशुवैद्यक साधारण पुढील क्रमाने जातात : रक्तस्राव, श्वास आणि वेदना; मग मोडलेले हाड; मग गोचिडांमुळे होणारे रक्ताचे आजार, ज्यात हिरड्या पांढऱ्या पडतात आणि ताप येतो; मग जंत आणि खरुज. माद्या व नरांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ दिसली तर ती बहुधा संसर्गाने होणारी गाठ असते. आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ती बरी होते, त्यामुळे घाबरून कुत्रे सोडून देऊ नये. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे आजार दुसऱ्या कुत्र्यांत पसरतात, म्हणून नव्या कुत्र्याला किमान दोन आठवडे घरच्या कुत्र्यापासून वेगळे ठेवावे. प्रकृती सावरली की रेबीज व इतर रोगांच्या लसी आणि शेवटी नसबंदी.

हे सगळे करायला मोठे रुग्णालयच लागते असे नाही. पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात बहुतेक उपचार होतात. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. पथकाचा भर पशुधनावर असला तरी जवळ कोणता डॉक्टर उपलब्ध आहे हे तिथे कळू शकते. एक्स-रे किंवा हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते. सांगली-सोलापूर भागात २००३ पासून काम करणारी ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था मुख्यतः साखर कारखान्यांवरील बैल आणि ओझ्याच्या जनावरांसाठी ओळखली जाते. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हाही तिच्या कामाचा भाग आहे.

जखम भरली तरी कुत्रे कोपऱ्यातच का बसते?

याचे उत्तर विज्ञानाने कुत्र्यांकडूनच, आणि फार क्रूर मार्गाने मिळवले. १९६७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवले, जिथे मधली बुटकी फळी ओलांडली की झटका चुकत होता. इतर कुत्री उडी मारून सुटली. आधी झटके सोसलेली बरीच कुत्री मात्र जागीच पडून कण्हत राहिली. सुटका समोर असूनही त्यांनी प्रयत्न केला नाही. पुढे संशोधकांनी त्यांना दोरीने ओढून पुन्हा पुन्हा फळीपलीकडे नेले, तेव्हा कुठे ती आपणहून उडी मारू लागली.

याच दोघांनी २०१६ मध्ये आपला जुना निष्कर्ष दुरुस्त केला. मेंदूवरील नव्या अभ्यासांच्या आधारे त्यांनी मांडले, की दीर्घ यातनेत गलितगात्र होणे ही शरीराची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते उलट : आपल्या कृतीने काहीतरी बदलते, हे. मार खाल्लेल्या कुत्र्याच्या पुनर्वसनाचे सारे तंत्र या एका वाक्यात आहे. ‘मी मागे सरकलो तर माणूस थांबतो, मी पुढे गेलो तर खाऊ मिळतो’ हे त्याला रोज, न चुकता अनुभवायला मिळाले पाहिजे.

म्हणूनच ‘किती गरीब आहे, काही करा, हलत नाही’ हे कौतुकाचे कारण नव्हे. हात लावल्यावर दगडासारखे थिजलेले, ओठ चाटणारे, वारंवार जांभया देणारे, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणारे कुत्रे शांत नसते. ते भेदरलेले असते. अशा वेळी मुलाने त्याला मिठी मारली आणि ते चावले, तर दोष कुत्र्याच्या माथी येतो.

विश्वास परत कसा मिळवतात?

कुत्री सांभाळणारे लोक ‘तीन-तीन-तीन’चा ठोकताळा वापरतात : तीन दिवस भीती उतरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने हे आपले घर असे वाटायला. हा नियम नव्हे, अंदाज आहे. फार सोसलेल्या कुत्र्याला वर्षही लागते.

पहिले तीन दिवस पडवीचा किंवा रिकाम्या खोलीचा एक कोपरा द्यावा. खाली पोते, एका बाजूला आडोसा, पाणी. पाहायला येणाऱ्यांची रांग लावू नये. एकाच माणसाने ठरलेल्या वेळी जेवण ठेवावे, पाच-दहा मिनिटे पाठ वळवून बसावे आणि निघून जावे. बोलायचे तर हळू आवाजात. हात पुढे करायचा नाही.

कुत्रे आपणहून हुंगायला आले की दुसरा टप्पा सुरू होतो. डोक्यावरून हात फिरवणे आपल्याला माया वाटते. मार खाल्लेल्याला तो उगारलेला हात दिसतो. हनुवटीखाली किंवा छातीला बोटांनी दोन-तीन सेकंद खाजवावे आणि थांबावे. ते जवळ सरकले तर पुन्हा करावे. दूर झाले तर त्याचा नकार मानावा.

ठरावीक वस्तूंची भीती असते : काठी, झाडू, चप्पल, पट्टा, हेल्मेट घातलेला माणूस. ती घालवायची रीत साधी पण चिकाटीची आहे. झाडू दहा-बारा हातांवर आडवा ठेवावा. कुत्र्याने तिकडे पाहिले की चिकनचा तुकडा द्यावा. झाडू दृष्टीआड, खाऊ बंद. दोन-चार दिवसांनी अंतर हातभर कमी करावे. पुढे झाडू उभा, मग हातात, मग हलता. मध्येच कुत्रे दबकले तर घाई झाली असे समजून एक पायरी मागे यावे. महिनाभरात झाडू निघाला की शेपूट हलू लागते, कारण त्याचा अर्थ बदललेला असतो.

गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी कुत्रे सूचना न देता चावते. शेजारच्या मुलांना सांगावे : ते झोपलेले, जेवत असलेले किंवा कोपऱ्यात असेल तेव्हा जवळ जायचे नाही, अंगावर आले तर पळायचे नाही, झाडासारखे उभे राहायचे.

खेड्यात आणखी एक परीक्षा असते. कोंबड्या आणि शेळ्यांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्याला गावात फार दिवस जगू दिले जात नाही. म्हणून दोरीवर धरून, लांबून, शेळ्यांची सवय लावणे हा पुनर्वसनाचाच भाग आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळ्यातल्या पट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही वापरावा. घाबरलेले कुत्रे मान मागे ओढून पट्ट्यातून सुटते आणि एकदा सुटलेले पुन्हा हाती लागणे कठीण असते. फटाके, डीजे आणि पालखीचा दिवस यांची आधीच तयारी ठेवावी. माऊलींची पालखी गावात येते त्या दिवशी नव्या कुत्र्याची जागा बंद दाराच्या आतच आहे.

सगळीच कुत्री सुधारतात का?

२००७ पर्यंत अमेरिकेत झुंजीसाठी वापरलेल्या कुत्र्यांना पकडल्यावर सरसकट मारले जाई. ती सुधारत नाहीत असा समज होता. त्या वर्षी व्हर्जिनियात फुटबॉलपटू मायकल व्हिक याच्या जागेवर झुंजींचा अड्डा उघडकीस आला. तिथे बुडवून, विजेचा झटका देऊन कुत्री मारल्याचेही निष्पन्न झाले. वाचलेल्या सुमारे पन्नास पिट बुल कुत्र्यांबाबत न्यायालयाने वेगळा मार्ग घेतला. प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी झाली, त्यांच्या भवितव्यासाठी कायद्याच्या एका प्राध्यापिकेची नेमणूक झाली आणि देखभालीचा सुमारे दहा लाख डॉलरचा खर्च व्हिककडून वसूल करण्यात आला. वर्तनाच्या कारणावरून फक्त एकाला मरण देण्याची वेळ आली. सर्वांत अवघड बावीस कुत्री युटा राज्यातील ‘बेस्ट फ्रेंड्स’ या संस्थेकडे गेली. त्यातली काही घरांत गेली, काही रुग्णालयांत आजाऱ्यांना भेटू लागली, तर काहींना आयुष्यभर संस्थेतच राहावे लागले.

या प्रकरणाने दोन गोष्टी शिकवल्या. कुत्र्याचा निवाडा त्याच्या इतिहासावरून न करता त्याच्याकडे पाहून करावा. आणि सगळ्यांचा शेवट कुटुंबात होतोच असे नाही. लहान मुलांच्या घरी न चालणारे कुत्रे एकट्या शेतकऱ्याच्या कुंपणबंद वस्तीवर सुखाने राहू शकते. काही कुत्री माणसाच्या घरात कधीच रमत नाहीत. नसबंदी व लस करून ओळखीच्या जागी सोडणे आणि दोन वेळा खायला घालणे हेच त्यांचे पुनर्वसन.

दत्तक देताना कोणते प्रश्न विचारावेत?

घाई इथेच होते. ‘द्या आमच्याकडे, शेतावर राहील’ असे कुणी म्हटले की सांभाळणाऱ्याला सुटल्यासारखे वाटते. पण विचारावे : रात्री कुठे झोपेल? बांधणार असाल तर किती वेळ? तुम्ही लग्नाला, वारीला गेलात की कोण घालेल? आधीचे कुत्रे कशाने गेले? घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? भाड्याचे घर असेल तर मालकाला विचारले का? फक्त राखण हवी असेल तर हे कुत्रे देऊ नये. भेदरलेले कुत्रे राखण करत नाही, ते घाबरून चावते.

कुत्र्याबद्दलचे खरे सांगावे. ‘झाडूला घाबरते, अनोळखी पुरुष दिसला की लपते, एकदा चावले होते’ हे लपवले तर ते परत येणारच. नव्या माणसाने न्यायच्या आधी दोन-तीन वेळा येऊन त्याला भरवावे, त्याचे पोते सोबत न्यावे, म्हणजे ओळखीचा वास राहतो. लसींचे कार्ड, नसबंदीची नोंद आणि एक साधा करारनामा द्यावा. त्यात ‘सांभाळणे न जमल्यास रस्त्यावर न सोडता परत आणून देईन’ हे वाक्य असावेच. तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करावा, जमल्यास जाऊन यावे. परत आले तर त्याला आणि त्या माणसालाही अपराधी ठरवू नये.

न्यायालयाचे आदेश आणि गावाची जबाबदारी काय?

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे आणि त्यात पंचायतीही येतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्याच आधीच्या आदेशात बदल करताना स्पष्ट केले, की नसबंदी, जंतनाशक आणि लस दिलेली कुत्री मूळ जागी सोडावीत. रेबीजग्रस्त, संशयित व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. याच आदेशात प्राणीप्रेमींना पालिकांकडे अर्ज करून भटकी कुत्री दत्तक घेण्याची मुभा आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर आहे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे निवाऱ्यांची गरज वाढते आहे आणि त्यांचा भार हलका करणारा मार्ग दत्तक हाच आहे.

मुंबईत जून १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था तिथे १८७४ मध्ये निघाली आणि परळचे प्राण्यांचे रुग्णालय १८८३ पासून उभे आहे. शहरांपाशी दीडशे वर्षांची अशी व्यवस्था आहे. तालुक्याच्या गावांपाशी ती नाही, पण पडवी आहे, शिळी नसलेली भाकरी आहे आणि एकमेकांना ओळखणारी माणसे आहेत. आठ-दहा घरांनी मिळून ‘एका वेळी एकच कुत्रे’ असे ठरवले, एकाने जागा, एकाने औषधाचा खर्च, एकाने दवाखान्यात नेण्याचे वाहन असे वाटून घेतले, तर वर्षाला तीन-चार कुत्री नीट घरी लागतात. दहा एकदम आणून कोंडण्यापेक्षा ते बरे.

पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव या मुलखात लहान मुलालाही माहीत असतात. मार खाल्लेल्या कुत्र्यामागे मात्र धावून चालत नाही. वाटी खाली ठेवून, जरा बाजूला बसून, ते येईपर्यंत थांबावे लागते.